काटा हलत नाही: डोस वाढवायचा, की आहे त्यावरच थांबायचं?

भूक कमी करणारं इंजेक्शन सुरू होऊन दोन महिने झाले, वजन जेमतेम दोन-अडीच किलो उतरलं, आणि लग्नात भेटलेला लांबचा मामेभाऊ सांगतो, "माझे तर आठ गेले!" मग डॉक्टरांकडे जाताना डोक्यात एकच विषय असतो: डोस वाढवून घ्यायचा. दुसरा पर्याय म्हणजे आहे तोच चालू ठेवायचा. तो कुणी सुचवला की आपल्याला टोलवल्यासारखं वाटतं.

आधी हिशेब बघू. अशा इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडच्या (वेगोव्ही) मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. माणूस 90 किलोचा धरला तर साडेतेरा किलोच्या आत-बाहेर, म्हणजे आठवड्याला सुमारे 200 ग्रॅम. पेलाभर पाणी प्यायलात तरी काट्यावर तेवढा फरक पडतो. ही सरासरी मधुमेह नसलेल्यांची. टाइप 2 मधुमेह असलेल्यांच्या चाचणीत आकडा 9.6 टक्के होता. त्यामुळे शुगर असलेल्या माणसाने मामेभावाशी तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

तुम्ही कोणतं औषध घेताय त्यावर बरंच ठरतं. सेमाग्लुटाइड 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि साधारण चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 करत 2.4 वर जातं. म्हणजे दोन महिन्यांनी तुम्ही अजून जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर असता. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, पोटाला सवय लागावी म्हणून असतो. इथे डोस वाढवणं हा ठरलेल्या वेळापत्रकाचाच भाग आहे. टिर्झेपटाइडचं (मौंजारो) तसं नाही. ते 2.5 वर सुरू होतं आणि चार आठवड्यांनी 5 मिलिग्रॅम होतं. मधुमेह नसलेल्यांच्या चाचणीत या 5 वरच 72 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं, तर 15 मिलिग्रॅमवर 20.9. म्हणजे 5 वर असलेल्या माणसाला थांबून बघायला चांगली जागा आहे. घाई होते ती मात्र नेमकी इथेच.

थांबण्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट: ही औषधं अंगात हळूहळू साठतात. डोस बदलल्यावर त्याचा पूर्ण परिणाम कळायला चार-पाच आठवडे जातात, म्हणून पुढच्याच सोमवारी काट्यावर उभं राहून निकाल लावू नये. त्याऐवजी भुकेकडे बघा. तिसरी पोळी नको वाटते का? पाच वाजता हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जायचा, तो जातो का? पँटचा पट्टा एक भोक आत गेला का? याची उत्तरं बरी असतील आणि वजन महिन्याला किलोभर जरी उतरत असेल, तर माझा कल थांबण्याकडे आहे. बद्धकोष्ठता असेल तर काटा आणखीच फसवतो. आधी ताक, पाणी, पालेभाज्या वाढवा, मग वजन करा.

वाढवण्याची बाजूही लंगडी नाही. आठवडा संपायच्या आत, म्हणजे पुढच्या इंजेक्शनाआधीच, भूक पूर्वीसारखी उसळत असेल, एक-दोन महिने वजन जागचं हललं नसेल आणि मळमळ वगैरे काही नसेल, तर वाढवावं. पण वाढीव डोसाबरोबर मळमळ, उलटी, जुलाब पुन्हा डोकं वर काढतात, आणि बहुतेक ठिकाणी महिन्याचा खर्चही चढतो. दोन बाबी डॉक्टरांना आपणहून सांगा. ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. आणि टिर्झेपटाइड घेताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून असाल, तर सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे कंडोमसारखा दुसरा उपायही वापरावा लागतो.

भराभर वजन उतरवण्याची किंमत वेगळीच. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. भूक इतकी मेली की दिवसभरात अर्धी भाकरी आणि चहा, तर प्रथिनं येणार कुठून? वरण, उसळ, अंडी, दही, मासे आधी खाऊन मग भाताला हात लावता येईल एवढी भूक शिल्लक ठेवणारा डोस मला जास्त पटतो. वाट्याला पाव ताट येत असेल, तर त्यात साबुदाण्याची खिचडी भरणं परवडत नाही.

"काही फरक नाही" म्हणून मधेच सोडून देणं हा तिसरा मार्ग लोक गुपचूप घेतात. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं, असं त्याच चाचणीतल्या लोकांच्या पुढच्या पाहणीत दिसलं. निकाल लावायचाच तर युरोपातल्या टिर्झेपटाइडच्या माहितीपत्रकातलं माप चांगलं आहे: सोसवेल त्या सर्वांत मोठ्या डोसावर सहा महिने काढूनही 5 टक्के उतरलं नाही, तर पुढे चालू ठेवायचं का याचा विचार करावा.

तोवर वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर करा. शेजारी कमरेचं माप लिहा आणि पुढच्या भेटीला ती वही सोबत न्या. पोटात असह्य दुखून पाठीकडे कळ जात असेल, तर मात्र भेटीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.