रोबो सेलच्या वेळापत्रकासाठी ओआर-टूल्स: फुकट आहे, पण तयार माल नाही

गूगलच्या ओआर-टूल्स या सॉफ्टवेअर-संचातला सीपी-सॅट सॉल्व्हर (दिलेल्या अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) मुक्तस्रोत आहे आणि पायथनमधून चालतो. एक रोबो, ओळीत दोन सीएनसी (संगणकाने चालणारी मशिनिंगची यंत्रं), मध्ये बफर (नग ठेवायची जागा) नाही, अशा सेलसाठी तो पुरेसा आहे. मात्र स्क्रीन, गँट चार्ट (कामांच्या वेळांचा पट्ट्यांचा तक्ता), पीएलसीशी (यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकाशी) जोडणी यांतलं काहीच आयतं मिळत नाही.

फायदा किती? उचलणं किंवा ठेवणं ४ सेकंद, शेजारच्या ठिकाणी जाणं ३ सेकंद, मशिनिंग ६० आणि ४५ सेकंद धरा. रोबो प्रत्येक मशीनपाशी थांबून राहिला तर एका नगाला १४७ सेकंद. पहिलं मशीन भरून, दुसरं रिकामं करून तो परत आला तर ८८! रोबो तोच, फक्त क्रम बदलला.

फसगत मॉडेलमध्ये, म्हणजे सॉल्व्हरला दिलेल्या मांडणीत होते. मशीनचा इंटरव्हल (ते अडलेलं असण्याचा काळ) मशिनिंग संपल्यावर बंद करू नका. रोबोने नग काढेपर्यंत मशीन अडलेलंच असतं. नाहीतर कागदावर एकाच चकमध्ये (नग पकडणाऱ्या भागात) दोन नग बसतात. दुसरं, 'ॲडनोओव्हरलॅप' (कामं एकाच वेळी येऊ न देणारी अट) रोबोचा रिकामा प्रवास मोजत नाही. तो क्रमावर ठरतो, म्हणून 'ॲडसर्किट' (कोणत्या कामानंतर कोणतं, हे ठरवणारी अट) लावा, प्रत्येक जोडीचा प्रवासवेळ देऊन. आकडे पूर्णांकच चालतात, तेव्हा सेकंदाचे दहावे भाग घ्या.

नग वाढले की इष्टतम उत्तराची सिद्धता रेंगाळते. वेळमर्यादा घालून हाती आलेलं उत्तर वापरा. पायथन येणारा माणूस नसेल, तर या वाटेला जाऊ नये.