जुन्या बाईकचा येणारा-जाणारा फॉल्ट: स्वतः शोधायचा, वायरमनकडे द्यायचा की फुल वायरिंग बदलायची?

माझ्या 1998 सालच्या शंभर सीसीला हे दुखणं ऐन जुलैत लागलं. मुंबईत सायनच्या सिग्नलला हँडल डावीकडे वळवलं की हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट तिन्ही एकदम गायब. इंजिन आणि हेडलाइट मात्र व्यवस्थित. हँडल सरळ केलं की सगळं परत जिवंत. भर पावसात मागच्या बसला आपला ब्रेक दिसत नाहीये, ही धास्ती घेऊन मी दोन आठवडे गाडी चालवली.

आधी वायरमनकडे गेलो. त्याचा हात आपल्यापेक्षा सफाईदार, यात वाद नाही. पण असा फॉल्ट नेमका दुकानासमोर दिसत नाही, आणि चार गाड्या रांगेत असताना तो तुमचं हँडल तासभर फिरवत बसणार नाही. मला दोनदा कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लॅस्टिकचे सॉकेट) साफ करून गाडी परत मिळाली. पावसाळ्यात ते साफ करायलाच हवेत. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात. पण माझा फॉल्ट तिथे नव्हता.

गाडी वायरमनकडे द्यायचीच असेल, तर 'लाइट जाते' एवढंच सांगू नका. काय जातं, काय राहतं आणि केव्हा, ते लिहून न्या. बऱ्याच जुन्या शंभर सीसी गाड्यांत स्पार्क आणि हेडलाइट थेट मॅग्नेटोवर (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर) चालतात, तर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट बॅटरीवर. तिन्ही एकदम गेले म्हणजे शोध बॅटरी, फ्यूज, किल्लीचा स्विच, त्यांच्यामधल्या वायरी आणि अर्थिंग (चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी जोडणी) एवढ्यातच घ्यायचा. इंजिनच बंद पडत असेल तर गोष्ट वेगळी. मॅग्नेटोवरच्या सीडीआयमध्ये (स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत) किल्लीकडे जाणारी वायर (होंडा पद्धतीत काळी-पांढरी) सोलवटून चेसिसला लागली की स्पार्क जातो. बॅटरीवर चालणाऱ्या, पॉइंटवाल्या (सीडीआयऐवजी उघड-मीट करणाऱ्या संपर्काने स्पार्क देणाऱ्या) जुन्या बुलेटचं उलट असतं: तिथे सप्लाय तुटला की इंजिन बंद.

स्वतः शोधायचं ठरवलं तर पुढचा प्रश्न: मीटर की बल्ब? लॅमिंग्टन रोडला पाचशेच्या आत कामापुरता मल्टिमीटर मिळतो, मीही घेतला. हॉर्नचा सॉकेट काढून तिथे लावला. हँडल डावीकडे, उजवीकडे, कुठेही फिरवा, 12.4 व्होल्ट. मी अख्खा रविवार बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्या आकड्यावर विश्वास ठेवून वाया घालवला. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मग इंडिकेटरचा जुना 21 वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून त्याच जागी लावला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. हँडल डावीकडे नेताच बल्ब लालसर झाला आणि विझला.

टाकी उतरवली. चेसिसच्या नेकपाशी, म्हणजे हँडल जिथे वळतं तिथे, वायरींचा जुडगा क्लिपने आवळलेला होता. त्यातली बॅटरीकडून स्विचकडे जाणारी लाल वायर बोटांत धरून हलकेच ओढली, तर एका जागी ती रबरासारखी ताणली गेली. प्लॅस्टिक अखंड, आत तांबं तुटलेलं.

म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टला मी बल्बच आधी घेईन. मीटर चार्जिंग बघायला उत्तम: इंजिनचा वेग वाढवल्यावर बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसायला हवेत. अर्थिंगलाही तो चालतो, पण हॉर्न दाबून धरून: बॅटरीचं निगेटिव्ह आणि हॉर्नची अर्थवायर यांच्यात 0.2 व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोडून घासा.

फुल वायरिंग हा शेवटचा पर्याय. अनेकजण वैतागून ती आधीच टाकतात, आणि किल्लीचा स्विच जुनाच राहिल्यामुळे फॉल्टही राहतो. प्लॅस्टिक जागोजागी तडकलंय, उंदरांनी कुरतडलंय किंवा वायर कुठेही सोलली तरी तांबं काळंच निघतंय, तर मात्र बदला. तिथे एकेक जोड शोधण्यात अर्थ नाही. घेताना साल आणि मॉडेल पक्कं सांगा, किकवाल्या आणि सेल्फवाल्या गाडीची वायरिंग वेगळी असते. स्वस्त नकलीत वायर बारीक येते, ती घेऊ नका.

माझ्यासारखी एकच वायर तुटली असेल तर नेकपाशी सोल्डर करू नका. सोल्डरने तारा कडक होतात आणि हँडल वळून वळून जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटतात. मी वीतभर नवी मऊ वायर घातली, दोन्ही जोड वळणापासून लांब टाकीखाली घेतले आणि ती क्लिप सैल ठेवली.