‘ताता’चे ‘काका’ झाले, पण एक तारा कापलाय

सव्वाचार वर्षांची आमची लेक काकांना ‘ताता’ म्हणायची, गाडीला ‘दाडी’. या स्पीच थेरपी सेंटरमध्ये तपासणी आणि उद्दिष्टं थेरपिस्ट मॅडम ठरवतात, आठवड्याचे दोन सराव-तास मात्र असिस्टंट ताई घेतात. आधी मी नाक मुरडलं होतं. फी मॅडमची आणि शिकवणार असिस्टंट? पण ताईंचा श्रवण-भाषा-वाचा डिप्लोमा झालाय, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणीही आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी पोरीला नुसत्या गुळण्या करायला लावल्या. जीभ मागे घशाकडे कशी जाते ते तिला त्यातूनच कळलं. मग आरशासमोर बसवून चमच्याच्या दांड्याने जिभेचं टोक खाली धरायचं आणि म्हणायचं ‘क’. बरोबर आला की बरणीत एक मणी. बरोबर किती, चूक किती, ताई वहीत रेघा मारतात. ती वही मॅडम बघतात.

तक्रार एकच, पण मोठी; रेटिंगमधला एक तारा त्यासाठीच कापलाय. मे महिन्यात आम्हाला न सांगता ताई बदलल्या आणि पोरगी तीन आठवडे गप्प. जुन्या ताई परत आल्या तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

परवा जिन्यात तिने शेजारच्यांना खणखणीत हाक मारली, ‘काका!’ ते बिचारे दचकलेच.