देव्हाऱ्यात बसवलेला प्रियकर : ‘उत्सुकुशी कारे’

दोन तरुणांमधल्या प्रेमाच्या जपानी मालिका गेल्या काही वर्षांत इतक्या आल्या आहेत, की त्यांतल्या बऱ्याचशा पाहून झाल्यावर एकमेकींत मिसळून जातात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली ‘उत्सुकुशी कारे’ मात्र माझ्या मनातून जात नाही. नागिरा यू यांच्या कादंबरीवर आधारलेली, साकाई माई यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका अवघ्या सहा भागांची आहे. एकेक भाग अर्ध्या तासाहूनही लहान असल्यामुळे एका संध्याकाळी ती सहज पाहून होते. न बोललेले प्रेम आणि त्यातून उठणारा मत्सर यांवर इतके नेमके काम मी दुसऱ्या कोणत्याही मालिकेत पाहिलेले नाही.

हिरा हा शाळकरी मुलगा बोलताना अडखळतो. स्वतःचे नाव सांगतानाही पहिले अक्षर ओठांवर अडून बसते, आणि म्हणून त्याने कुणाच्या नजरेत न येता जगण्याची सवय लावून घेतली आहे. घाणेरड्या पाण्याच्या कालव्यातून चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाहत जाणारे रबराचे पिवळे बदक ही त्याने स्वतःसाठी कल्पिलेली प्रतिमा आहे. त्याला तो ‘बदक कप्तान’ म्हणतो. अशा या मुलाच्या वर्गात कियोई येतो. तो देखणा आणि बेफिकीर आहे, आणि कुणाची मर्जी राखण्याची त्याला गरज वाटत नाही. हिरा त्याला मनोमन राजा करून टाकतो, त्याच्यासाठी धावत जाऊन जिंजर एल आणतो, आणि त्या धावण्यातच त्याला आयुष्याचे सार्थक वाटते. आपण कियोईवर प्रेम करतो हे त्याला ठाऊक आहे. पण राजाने आपल्यावर प्रेम करावे ही इच्छासुद्धा त्याला मर्यादाभंग वाटते.

पहिले चार भाग आपण हे सारे हिराच्या डोळ्यांनी पाहतो, आणि कियोई आपल्याला उर्मट, प्रसंगी निर्दय वाटतो. पाचव्या भागात तीच कथा कियोईच्या बाजूने सांगितली जाते, आणि मालिकेचे खरे मोल इथे कळते. आईच्या दुसऱ्या लग्नानंतर धाकट्या भावंडांच्या गलक्यात मागे पडलेला, दूरदर्शन संचावरच्या झगमगत्या गायक-नर्तकांकडे पाहत ‘आपल्याकडेही कुणीतरी असे पाहावे’ असे मनाशी धरून बसलेला एक लहान मुलगा आपल्याला भेटतो. हिराची ती जळजळीत, पापणी न लवणारी नजर त्याला का हवीशी वाटते, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण ज्याने देव्हाऱ्यात बसवले तो केवळ हात जोडून उभा राहतो, जवळ येत नाही, आणि देव्हाऱ्यातून उतरून ‘मला तू हवा आहेस’ म्हणणे कियोईच्या स्वभावात नाही. शाळेच्या शेवटच्या दिवशी तो हिराचे चुंबन घेतो, आता पुढचे पाऊल हिरा उचलेल म्हणून वाट पाहत राहतो, आणि हिरा मात्र तो प्रसंग देवाच्या प्रसादासारखा जपून ठेवतो.

पुढे महाविद्यालयात हिराला कोयामा हा मित्र भेटतो, तो हिराच्या प्रेमात पडतो, आणि कियोईच्या पोटात आग पडते. जपानी भाषेत प्रेमातल्या मत्सराला ‘याकिमोची’ म्हणतात. शब्दशः अर्थ भाजलेला ‘मोची’, म्हणजे चिकट तांदळाचा जपानी गोळा. आपणही ‘जळणे’ आणि ‘जळफळाट’ म्हणतोच, त्यामुळे ही भावना मराठी प्रेक्षकाला उकलून सांगावी लागत नाही. येथे मात्र त्या जळण्याला एक वेगळेच अंग आहे. कोयामाशी हिरा अडखळत का होईना, पण बरोबरीच्या नात्याने बोलतो, हसतो. आणि आपल्या वाट्याला कधीच न आलेले ते साधे बोलणे पाहून कियोई तडफडतो. त्याला कोयामाचा जितका हेवा वाटतो, तितकाच हिराने मनात घडवलेल्या त्या ‘राजा कियोई’चाही वाटतो, असे मला प्रत्येक वेळी पाहताना जाणवते. मनातले नीट शब्दांत सांगणारा कोयामा एकटाच आहे, आणि त्याच्याच हाती काही लागत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कियोईची भूमिका करणाऱ्या यागी युसेई यांनी त्याचा मत्सर जवळजवळ एकाच शब्दावर पेलला आहे. ‘किमोई’ हा शब्द तो हिराला उद्देशून वरचेवर उच्चारतो. इंग्रजी उपशीर्षकांत त्याचे ‘किळसवाणा’ अशा अर्थाचे भाषांतर येते आणि ते फार कोरडे वाटते. आपल्याकडे ‘शी, काहीतरीच तुझं’ म्हणताना आवाजात जी लाज आणि जो लोभ मिसळलेला असतो, तो यागी यांच्या उच्चारात भागागणिक वाढत जातो. समोर हागिवारा रिकु यांचा हिरा खांदे पाडून, मान किंचित पुढे काढून उभा असतो, आणि त्या उभे राहण्यातच त्याचे सगळे न बोललेले बोलणे असते.

उणीव सांगायची तर सुरुवातीच्या भागांत हिराचा पाणउतारा इतक्या देखण्या प्रकाशात चित्रित केला आहे, की काही प्रेक्षकांना तो खटकेल, आणि त्यांचे खटकणे मला रास्त वाटते. कोयामाला आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेले दुसरे पर्व चार भागांचे आहे. त्यात दोघे एका घरात राहूनही हिरा देव्हारा मोडायला तयार होत नाही, आणि कियोईचा संताप अधिक उघडपणे बाहेर पडतो. तरीही माझी शिफारस पहिल्या पर्वाची आहे. पाचवा भाग संपला की लगेच सहाव्याकडे न वळता पुन्हा पहिला भाग लावावा आणि या वेळी हिराला सोडून केवळ कियोईचे डोळे पाहावेत : हिरा नजर खाली वळवतो तेव्हा ते कुठे वळतात, ते.