पेलेट ग्रिलला कोल्ड स्मोक: ट्यूब ठेवायची की बाहेरून जनरेटर जोडायचा?

कोल्ड स्मोक म्हणजे पदार्थ न शिजवता त्याला नुसता थंड धूर देणं. पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारं) जितकं गरम तितकं ते स्वच्छ जळतं, म्हणजे धूर कमी, आणि चीज तर साधारण ३० अंशांच्या वर गेलं की घाम सोडून मऊ पडायला लागतं, त्यामुळे ग्रिल बंद ठेवून धूर वेगळा करावाच लागतो.

जाळीदार स्टीलची ट्यूब सगळ्यात सोपी. पेलेट भरायचे, एका टोकाला टॉर्चने चांगलं पेटवायचं, पाचेक मिनिटांनी ज्वाळ फुंकून विझवायची, मग १२ इंची ट्यूब चार-पाच तास धुमसत राहते. पण पेलेट जरा दमट असले किंवा झाकण गच्च बंद असलं की मधेच विझते, आणि धूर कमी-जास्त करणं आपल्या हातात नसतं.

बाहेरच्या जनरेटरमधे (म्हणजे ग्रिलबाहेर लाकूड धुमसवून धूर तयार करणाऱ्या डब्यात) छोटा एअर पंप धूर पाइपातून आत ढकलतो, हवा वाढवली की धूर वाढतो, आणि जळणारी लाकडं बाहेरच असल्याने आत उष्णता फारच कमी जाते. मला हेच खरं कोल्ड स्मोकिंग वाटतं. त्रास एवढाच की बहुतेक वेळा ग्रिलला भोक पाडावं लागतं (वॉरंटी आधी वाचा!) आणि पाइपात डांबरासारखा चिकटा साठतो, तो नेमाने साफ केला नाही तर पदार्थ कडू होतो.

महिन्यातून एकदा चीज करणार असाल तर ट्यूबच घ्या. मासे, बेकन वारंवार करायचं असेल तर जनरेटर, पण आधी मिठात नीट मुरवून (क्युअर करून)च, कारण एवढ्या कमी तापमानात जंतू मरत नाहीत.