हिल एंड की सोफाला?

सिडनीहून बाथर्स्टमार्गे गेलात की आधी सोफाला लागतं आणि तिथून साधारण ४० किलोमीटरवर हिल एंड. दोन्ही गावं सोन्यानं वसवली आणि सोनं संपल्यावर ओसरली. तरी मुक्कामाला कुठलं, याचं उत्तर माझ्यापुरतं सरळ आहे: हिल एंड.

सोफाला हे नाव वाचून नालासोपारा आठवतो, पण ते आलंय मोझांबिकमधल्या जुन्या सोन्याच्या बंदरावरून. १८५१ मध्ये इथं ट्युरॉन नदीच्या गाळात सोनं मिळालं. गाळातलं सोनं म्हणजे फावडं आणि परात असलेल्या कुणाचाही हक्काचा जुगार. लोक आले तशी घरं उठली. अरुंद, वळणाची गल्ली अजून तशीच आहे. पाहायला तासभर पुरतो. चहा प्या, नदीवर उतरा, निघा.

हिल एंडचं खरं सोनं मात्र गारगोटीच्या शिरांत, खोल खडकात. तिथं परात चालत नाही. खाणी लागतात, भागधारक लागतात. ऑक्टोबर १८७२ मध्ये हॉकिन्स हिलवरच्या खाणीतून २८६ किलोचा दगड निघाला, त्यात सोनं सुमारे ९३ किलो! खाणीचा भागीदार बर्नहार्ट होल्टरमन हा जर्मनीहून आलेला. आलेल्या पैशातून त्यानं छायाचित्रकार पोसले, हे मला त्या दगडापेक्षा मोठं वाटतं. त्यांनी काढलेल्या फोटोंच्या काचेच्या निगेटिव्ह १९५१ मध्ये सिडनीतल्या एका घरामागच्या शेडमध्ये सापडल्या. त्यामुळे हजारोंनी गजबजलेलं हिल एंड आज दुकानांच्या पाट्यांसकट दिसतं. हे फोटो आधी बघून जा, नाहीतर समोर फक्त गवत आणि कांगारू दिसतील. १८७२चं रॉयल हॉटेल मात्र अजून उभं आहे.

१९६७ पासून हिल एंड संरक्षित ऐतिहासिक स्थळ आहे, त्यामुळे ते जरा जास्तच नीटनेटकं वाटतं, हे कबूल. सोफालाचा गंज, वाकलेले व्हरांडे अस्सल वाटतात. पण तंबू ठोकायला जागा, खाणीची माहिती, रात्रीची शांतता हवी असेल तर हिल एंडच. पेट्रोल बाथर्स्टलाच भरून घ्या.

१९४७ मध्ये रसेल ड्रायस्डेल आणि डोनाल्ड फ्रेंड हे चित्रकार या भागात आले. ड्रायस्डेलच्या सोफालाच्या चित्राला त्याच वर्षी विन पारितोषिक, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं निसर्गचित्रांचं मोठं बक्षीस, मिळालं. फ्रेंडनं मात्र बिऱ्हाड थाटलं ते हिल एंडला.