शोधासाठीचे शीर्षक की कुतूहलाचे? मराठी व्हिडिओकारांसाठी तुलनात्मक आढावा

यूट्यूबवर व्हिडिओच्या शीर्षकासाठी जास्तीत जास्त 100 अक्षरे वापरता येतात आणि मराठी चॅनेल चालवणारे बहुतेक जण ती जागा अगदी शेवटी, व्हिडिओ अपलोड होत असताना भरतात. अनेक दिवस खपून केलेला चांगला व्हिडिओ केवळ या घाईपायी ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, याचे वाईट वाटते. शीर्षक आकर्षक हवे की माहितीपूर्ण, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण त्याआधी ठरवायला हवे ते असे की, प्रेक्षक हा व्हिडिओ शोधत येणार आहे, की तो दुसरेच काही पाहायला आलेला असताना हा व्हिडिओ त्याच्यासमोर येणार आहे. यूट्यूब स्टुडिओच्या, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्यांसाठीच्या व्यवस्थापन पानाच्या, आकडेवारीत हे दोन ओघ वेगवेगळे दाखवलेले असतात: ‘यूट्यूब सर्च’ हा पहिला, तर मुख्य पानावरून आणि सुचवलेल्या व्हिडिओंमधून येणारा दुसरा. या दोन प्रेक्षकांना एकच शीर्षक सारखेच लागू पडेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

एकाच व्हिडिओची दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहू. विषय गणेशोत्सवापूर्वीचा नेहमीचाच.

उकडीचे मोदक: पारी फुटू नये म्हणून उकड कशी काढावी व मळावी

मोदक दरवेळी फुटतात? चूक वळताना होत नाही

पहिल्या शीर्षकातील जवळजवळ प्रत्येक शब्द कोणीतरी शोधपट्टीत टाइप करणार आहे. यूट्यूबचा शोध ज्या गोष्टी पाहतो, त्यांत शीर्षक, वर्णन आणि प्रत्यक्ष आशय हे शोधलेल्या शब्दांशी किती जुळतात, हा एक मोठा निकष असतो. त्यामुळे असे शीर्षक दरवर्षी भाद्रपद जवळ आला की पुन्हा कामाला येते. त्याची अडचण स्पर्धेची आहे. नुसते ‘उकडीचे मोदक रेसिपी’ असे लिहिले, तर नामांकित आणि जुन्या चॅनेलांच्या गर्दीत नवा व्हिडिओ दिसणारच नाही. ‘पारी फुटू नये म्हणून’ हे शब्द या शीर्षकाला वाचवतात, कारण ते शोधणाऱ्यांची संख्या कमी असली, तरी त्यांना नेमके हेच हवे असते आणि लहान चॅनेलला जागा मिळते ती अशाच ठिकाणी.

दुसरे शीर्षक मोदक शोधत नसलेल्या, पण गेल्या वर्षीचे फुटलेले मोदक लक्षात असलेल्या व्यक्तीसाठी आहे. ते अर्धी माहिती देते आणि उरलेल्या अर्ध्याची ओढ लावते. शोधात मात्र ते दुबळे पडते, कारण त्यात ‘उकडीचे’ नाही आणि ‘उकड’ही नाही. शिवाय फुटलेल्या मोदकाचे स्पष्ट छायाचित्र थंबनेलवर, म्हणजे शीर्षकासोबत दिसणाऱ्या छोट्या चित्रावर, नसेल, तर त्यातील प्रश्नही पोरका वाटतो. त्याचे बंधनही कडक आहे: चूक उकडीत असते, हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगून दाखवावे लागते. यूट्यूबने 2012 मध्ये शिफारशींचा भर व्ह्यूजच्या संख्येवरून व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो याकडे वळवला. तेव्हापासून शीर्षकाने आत आणलेला आणि अर्ध्या मिनिटात निघून गेलेला प्रेक्षक व्हिडिओच्या फायद्याचा राहिलेला नाही.

मोदकांच्या बाबतीत दोन्ही शीर्षके प्रामाणिक आहेत, म्हणून निवड करता येते. काही विषयांत मात्र ती मोकळीक नसते. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. ‘डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाइलवर कसा काढावा’ हे शीर्षक रूक्ष वाटेल, पण ते शोधणारा माणूस बहुधा कर्जाच्या किंवा एखाद्या अर्जाच्या कामात अडकलेला असतो आणि त्याला शुल्क किती, ते कसे भरायचे, उतारा कुठे डाउनलोड होतो, एवढेच हवे असते. त्याऐवजी ‘सातबाऱ्याची ही युक्ती तलाठीही सांगत नाहीत!’ असे लिहिणे म्हणजे त्याच्या निकडीचा गैरफायदा घेणे होय. शासकीय योजनांच्या हप्त्यांबाबत तर हे फार वाढले आहे. ‘आजच खात्यात जमा’ अशा शीर्षकावर विसंबून बँकेत हेलपाटा घालणाऱ्या बाईचा वेळ आणि गाडीभाडे दोन्ही वाया जातात आणि हे शीर्षक लिहिणाऱ्याला ठाऊक असते. आशयात नसलेले आश्वासन देणाऱ्या शीर्षकांवर आणि थंबनेलांवर भारतात अधिक कठोर कारवाई करण्याचे, आणि त्यातही ताज्या बातम्या व चालू घडामोडींकडे विशेष लक्ष देण्याचे, यूट्यूबने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केले. पण ही कारवाई नसती, तरी माझे मत हेच राहिले असते. कागदपत्रे, आरोग्य, शेती, परीक्षा आणि पैसे या विषयांत कुतूहलाचे शीर्षक टाळावे.

याउलट भटकंती, व्यक्तिचित्रे आणि गोष्टी सांगणाऱ्या व्हिडिओंना केवळ शोधाचे शीर्षक अपुरे पडते. ‘हरिश्चंद्रगड ट्रेक, पाचनई मार्ग, संपूर्ण माहिती’ हे शीर्षक पुढच्या आठवड्यात निघणाऱ्यांना उपयोगी आहे. पण त्याच व्हिडिओत कोकणकड्यावरून खालच्या ढगांत उमटलेले इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, चित्रित झाले असेल आणि शीर्षकात त्याचा उल्लेखच नसेल, तर व्हिडिओतील सर्वांत दुर्मीळ गोष्ट झाकली जाते. अशा वेळी ‘कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसले’ एवढेच लिहिणे पुरेसे आहे. त्यात काहीही लपवलेले नाही, काहीही फुगवलेले नाही, तरीही ते वाचून थांबावेसे वाटते. कुतूहलाची सर्वांत टिकाऊ शीर्षके अशीच असतात: व्हिडिओतील एखादी खरी आणि ठोस गोष्ट सरळ सांगणारी. ‘पुढे जे घडले ते पाहून’ या जातीच्या शीर्षकात अशी गोष्टच नसते.

दुसरी मोठी निवड लिपीची. मराठी मजकूर शोधणारे अनेक जण ‘मोदक रेसिपी इन मराठी’ हेच शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, तर परदेशात वाढलेल्या कित्येक मुलांना मराठी ऐकून कळते, पण देवनागरी सहज वाचता येत नाही. म्हणून रोमन लिपीचा मोह होतो. देवनागरीची बाजू अशी की, मुख्य पान झरझर सरकवणाऱ्या मराठी माणसाला आपली भाषा क्षणात ओळखू येते. ‘कसे’, ‘आहे’, ‘नको’ असा एखादा शब्द दिसला की हिंदीशी गल्लतही होत नाही. तीच गोष्ट दोन्ही लिप्यांत, मध्ये उभी रेघ देऊन, दोनदा लिहिण्याची पद्धत रूढ आहे; पण मोबाइलवर शीर्षकाच्या साधारण दोन ओळीच दिसत असल्याने तिचा उत्तरार्ध बहुधा कापला जातो.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. ‘हरिश्चंद्रगड’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर अक्षरे नोंदवण्याच्या पद्धतीच्या, हिशेबात वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरांमधील हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असल्याने तो 12 चिन्हांचा होतो. देवनागरी शीर्षकासाठी 100 ही मर्यादा त्यामुळे दिसते त्यापेक्षा बरीच आखूड असते. माझी निवड स्पष्ट आहे: शीर्षक देवनागरीत, मुख्य शब्द अगदी सुरुवातीला, आणि रोमन लिपीतील रूप वर्णनाच्या पहिल्या ओळीत. अन्य भाषांतील प्रेक्षक हवे असतील, तर स्टुडिओमध्ये शीर्षकाचे भाषांतर वेगळे जोडता येते आणि ते प्रेक्षकाच्या भाषेनुसार दिसते. भाग क्रमांक आणि चॅनेलचे नाव शेवटी टाकावे. नाव तसेही खाली दिसतेच.

दोन शीर्षकांत कौल घ्यायचा असेल, तर नुसता क्लिकचा दर, म्हणजे थंबनेल दिसलेल्यांपैकी किती टक्के जणांनी क्लिक केले हे, पाहून निर्णय करू नये. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा दर 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो, आणि व्हिडिओ नेहमीच्या वर्गणीदारांपलीकडे (सबस्क्रायबरांपलीकडे) पसरू लागला की तो आपोआप उतरतो. म्हणजे दर घसरणे हे कधीकधी व्हिडिओ चांगला चालल्याचेच लक्षण असते. स्टुडिओमधील थंबनेलांच्या चाचणीत तीन पर्याय देता येतात आणि निकाल लागतो तो कोणत्या पर्यायामुळे व्हिडिओ अधिक वेळ पाहिला गेला यावर. अशीच सोय शीर्षकांसाठीही देत असल्याचे यूट्यूबने 2025 मध्ये जाहीर केले. ज्यांना ती उपलब्ध आहे, त्यांनी शोधाचे एक आणि कुतूहलाचे एक शीर्षक परस्परांविरुद्ध अवश्य लावून पाहावे.

ज्यांच्याकडे वर्गणीदार फारसे नाहीत, त्यांनी सुरुवातीला शोधाच्या शीर्षकांनाच प्राधान्य द्यावे, कारण ओळख नसलेल्या चॅनेलवर माणूस बहुधा गरजेपोटीच येतो. ती गरज तो कोणत्या शब्दांत मांडतो, हे ‘यूट्यूब सर्च’मधील शोधशब्दांच्या यादीत दिसते. ही यादी वाचताना तज्ज्ञाचे शब्द आणि प्रेक्षकाचे शब्द यांतील अंतर प्रकर्षाने जाणवते. कृषी विषयाचा जाणकार ‘सोयाबीनवरील पिवळा मोझॅक: एकात्मिक व्यवस्थापन’ असे लिहितो, पण बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला रोगाचे नाव ठाऊक नसते, त्याला फक्त पीक पिवळे पडलेले दिसते आणि तो तसेच टाइप करतो. शिवाय ते पिवळेपण रोगाचेच असेल असेही नाही. कोवळी पाने पिवळी होऊन शिरा हिरव्या राहत असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते आणि पानांवर अनियमित पिवळे चट्टे असतील, तर पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या मोझॅकची शंका घ्यावी लागते. अशा जुन्या व्हिडिओचे शीर्षक खरीप सुरू होण्यापूर्वी बदलून ‘सोयाबीन पिवळे पडतेय? लोहाची कमतरता की मोझॅक, पानावरून ओळखा’ असे करावे. शीर्षक बदलल्याने व्हिडिओचा दुवा बदलत नाही आणि आधीचे व्ह्यूजही तसेच राहतात.